‘कुठे पोचलास?’ वाचेपर्यंत गाडी किती पुढे जाते

नमस्कार श्रोतेहो.

ताशी ८० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते. क्रिकेटची खेळपट्टी साधारण २० मीटर लांब. म्हणजे तोंडातून ‘एक’ निघेपर्यंत अख्खी खेळपट्टी मागे पडली. आता त्या गाडीत एक मेसेज येऊ द्या.

फोन शेजारच्या सीटवर पालथा पडलाय. टिंग वाजतं. उजवा हात स्टिअरिंगवर, डावा फोन चाचपतो, उलटा करतो, बोटाचा ठसा लावतो. मजकूर एवढाच : ‘कुठे पोचलास?’ तो वाचायला सेकंदही लागत नाही. पण नजर खाली न्यायची, लांबचं बघणाऱ्या डोळ्यांनी जवळचं स्पष्ट करायचं, वाचायचं आणि पुन्हा वर येऊन मघाचा ट्रक शोधायचा, या सगळ्याचे मिळून चार सेकंद सहज होतात. चार सेकंदांत ८८ मीटर. एसटीच्या आठ गाड्या एकीला एक चिकटून उभ्या केल्या, तर जेवढी रांग होईल तेवढं अंतर. चाळिशी लागलेल्यांना याहून जास्त, कारण जवळचं स्पष्ट व्हायला वेळ लागतो आणि मान पुढे जाते. उत्तर लिहायचं तर अजून बाकीच आहे.

नेमका तेव्हाच पुढच्या ट्रकने ब्रेक दाबला तर काय? रस्त्याकडे बघत असलेल्या चालकाचाही पाय ब्रेकवर यायला दीड सेकंद धरतात, म्हणजे ३३ मीटर. त्यानंतर टायर चांगले असले आणि डांबर कोरडं असलं, तर थांबायला आणखी ३५ मीटर; जुलैतल्या ओल्या रस्त्यावर ६० च्या आसपास. हे शेवटचं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं, त्यामुळे ताशी ८० चे १०० झाले की ३५ चे ५५ होतात.

‘आम्ही फोन हातात धरतच नाही, ब्लूटूथवर बोलतो,’ असं बरेच जण सांगतात. हात मोकळे राहतात हे खरं. पण अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये बोलून सूचना देण्याच्या यंत्रणा तपासल्या, तेव्हा काही यंत्रणांच्या बाबतीत काम संपल्यानंतरही चालकाचं लक्ष पूर्वपदावर यायला २७ सेकंदांपर्यंत वेळ गेला. शहरातल्या ताशी ४० च्या वेगानेही तेवढ्यात ३०० मीटर होतात. लाल सिग्नलला मेसेज बघणाऱ्यांनी हे विशेष ऐकावं : सिग्नल हिरवा होतो, गाडी निघते, आणि डोकं अजून मेसेजमध्येच असतं. झेब्रावरून घाईने जाणारा माणूस नेमका त्याच काही सेकंदांत समोर येतो.

शेजारी बसलेल्या माणसाशी बोलणं आणि फोनवर बोलणं यातही फरक आहे. शेजारच्याला रस्ता दिसतो. समोरून डंपर ओव्हरटेक करत आला की तो आपोआप गप्प होतो. फोनवरचा माणूस मात्र तेव्हाच विचारतो, ‘मग काय ठरलं?’

आता गाडीतल्या पडद्यांविषयी. डॅशबोर्डच्या मधोमध टीव्हीएवढी काच, बटणं जवळजवळ नाहीत, एसीचा पंखासुद्धा मेनूत जाऊन कमी करायचा, अशा गाड्या शोरूममध्ये फार देखण्या वाटतात. २०२२ मध्ये एका स्वीडिश मोटार मासिकाने ताशी ११० च्या वेगाला एक साधी चाचणी घेतली. रेडिओचं स्टेशन लावा, तापमान बदला, डॅशबोर्डचा उजेड कमी करा, अशी मोजकी कामं चालकाला दिली. बटणांची २००५ ची जुनी व्होल्वो व्ही ७० गाडी सगळी कामं १० सेकंदांत आणि ३०६ मीटरांत उरकून मोकळी. टचस्क्रीनच्या गाड्यांतल्या सर्वांत मंद गाडीत त्याच कामांना ४४.६ सेकंद लागले, तोवर गाडी १३७२ मीटर गेली. कारण अगदी साधं आहे. गोल बटण न बघता बोटाला सापडतं, ते फिरल्याचं बोटाला कळतं. काच सगळीकडे सारखीच लागते, म्हणून प्रत्येक वेळी बघावंच लागतं, आणि खड्ड्यात गाडी आदळली की बोट भलत्याच चौकोनावर पडतं.

अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा विभागाने २०१३ मध्ये गाडी कंपन्यांना मापच घालून दिलं होतं : एका वेळची नजर २ सेकंदांपेक्षा जास्त नको, आणि पूर्ण काम मिळून १२ सेकंदांपेक्षा जास्त नको. गाड्यांची सुरक्षितता तपासून गुण देणारी युरोपातली युरो एनकॅप ही संस्था २०२६ पासून इंडिकेटर, धोक्याचे दिवे, वायपर, हॉर्न आणि आपत्कालीन मदत यांची खरी बटणं किंवा दांड्या नसतील, तर गाडीचे गुण कापते. नवी गाडी घेताना तुम्हीही एक चाचणी करा. शोरूममध्ये उभ्या गाडीत बसा, समोर भिंतीवरच्या एका खुणेकडे बघत राहा आणि काचेवरची वाफ घालवणारं बटण शोधा. सापडलं नाही, तर पावसाळ्यात घाटात तुम्ही तेच शोधत बसणार आहात.

बाजारातून बसवून घेतलेल्या अँड्रॉइड स्टिरिओत तर खोड हातानेच घातलेली असते. या संचाच्या मागच्या तारांमध्ये पार्किंग ब्रेकची एक तार येते, बऱ्याच संचांत ती फिकट हिरवी असते. ती हँडब्रेकच्या स्विचला जोडायची असते. हँडब्रेक ओढलेला असेल तरच त्या तारेला अर्थिंग मिळतं आणि व्हिडिओ चालतो; गाडी निघाली की पडदा बंद. दुकानातला कारागीर वेळ वाचवायला आणि गिऱ्हाईक खूश करायला ती तार सरळ गाडीच्या पत्र्याला जोडून कायमची अर्थिंगवर टाकतो. संचाला वाटतं गाडी कायम उभीच आहे, आणि मग एक्सप्रेसवेवर सिनेमा चालतो. तार नीट जोडून घ्या. काही संचांमध्ये हीच पळवाट सेटिंगमध्येही असते, ‘गाडी चालताना व्हिडिओ’ अशा अर्थाची. ती बंद करा.

दुसरी तार इल्युमिनेशनची, बहुधा नारिंगी. ती पार्किंग दिव्याच्या तारेला जोडली की रात्री दिवे लावताच पडदा आपोआप मंद होतो. ती तर बहुतेकदा मोकळीच लोंबत असते. मग रात्री डॅशबोर्डवर नऊ इंची उजेड पडतो, डोळ्याची बाहुली आकसते आणि कडेने चाललेला बिनदिव्याचा सायकलवाला दिसतच नाही. तिसऱ्या तारांची जोडी स्टिअरिंगवरच्या बटणांची. ती जोडून संचाला शिकवली नाही, तर आवाज कमी करायलाही हात पडद्याकडेच जातो. म्हणून कारागिराकडून निघण्याआधी तीनच गोष्टी तपासा : हँडब्रेक सोडल्यावर व्हिडिओ थांबतो का, दिवे लावल्यावर पडदा मंदावतो का, स्टिअरिंगवरून आवाज कमी होतो का.

फोनच्या स्टँडची जागा चुकली की तोच अडचण होतो. काचेच्या मधोमध लावला, तर पुढचा दुचाकीवाला त्याच्या आड जातो. डाव्या बाजूला डॅशबोर्डवर एअरबॅग असं कोरलेलं असतं. त्या झाकणावर स्टँड बसवला तर अपघातात तोच दगडासारखा अंगावर येतो. योग्य जागा म्हणजे डॅशबोर्डचा मध्य, चालकाच्या डाव्या हाताला, फोनची वरची कड बॉनेटच्या रेषेखाली राहील अशी. नजर थोडीच खाली वळते आणि रस्ता नजरेच्या कडेला राहतो. एसीच्या जाळीत अडकवायचा क्लिपवाला स्टँड उन्हाळ्यात बरा, कारण फोन गार राहतो. पण जड फोनने जाळीची पाती वाकतात आणि खड्ड्याला फोन खाली पडतो. रबरी चकतीवाला स्टँड सारखा निसटत असेल, तर दोष बहुधा चकतीचा नसतो. डॅशबोर्डला चमक यावी म्हणून मारलेल्या पॉलिशचा तेलकट थर खाली असतो. स्पिरिटच्या बोळ्याने तेवढी जागा पुसा, वाळू द्या आणि मग चिकटवा.

चार्जिंगची केबल अर्ध्या मीटरपेक्षा लांब नको, नाहीतर ती गिअरच्या दांड्याला गुंडाळते. जुन्या गाडीच्या यूएसबी खाचेतून फार तर अर्धा अँपिअर येतो. नकाशा चालू असताना फोन त्याहून जास्त खातो, मग चार्जिंगला लावूनही टक्के उतरत जातात आणि चालक दर दोन मिनिटांनी टक्के बघतो. लायटरच्या खाचेत चांगला चार्जर लावा. अगदी स्वस्तातला असेल, तर तो आमच्या एफएमच्या आवाजात खरखर घालतो, हे जाता जाता.

डॅशकॅम, म्हणजे समोरचा रस्ता टिपणारा कॅमेरा, आरशाच्या मागे लावा आणि त्याचा पडदा एका मिनिटाने बंद होईल असं ठेवा. चित्रीकरण चालूच राहतं. घड्याळ स्मार्ट असेल, तर त्यावर मेसेजची थरथर बंद करा; फोन गप्प केला आणि मनगट बोलायला लागलं तर उपयोग काय? गाडीचे आपले इशारे मात्र बंद करू नका. जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत ताशी ८० ओलांडले की अधूनमधून आणि १२० ओलांडले की सतत वाजणारा इशारा सक्तीचा आहे. बाकीचे टिंगटिंग कमी केले, तरच तो कानाला वेगळा कळतो.

आता फोन. तुम्ही आत्ता गाडी चालवत हे ऐकत असाल, तर पुढचं फक्त ऐका, करायचं ते गाडी लावल्यावर. आयफोनमध्ये सेटिंग्ज, मग फोकस, मग ड्रायव्हिंग. तिथे ‘गाडीच्या ब्लूटूथला जोडल्यावर’ हा पर्याय निवडा, म्हणजे रोज आठवण ठेवावी लागत नाही. आपोआप जाणाऱ्या उत्तरात स्वतःचं वाक्य लिहा : ‘गाडी चालवतोय, पाचपर्यंत कोल्हापूर.’ अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जच्या शोधात ‘ड्रायव्हिंग’ टाका. सॅमसंगमध्ये ते मोड्स आणि रूटीन्समध्ये सापडेल. एक मेख लक्षात ठेवा : आयफोनचं हे आपोआप उत्तर मेसेजच्या ॲपमधून जातं, व्हॉट्सॲपवर नाही. म्हणून सोसायटीचा, शाळेचा, भाचीच्या साखरपुड्याचा असे बडबडे ग्रुप निघण्याआधी आठ तासांसाठी म्यूट करा. फोन गाडीच्या पडद्याला जोडणारं अँड्रॉइड ऑटो वापरत असाल, तर मेसेजची पहिली ओळ पडद्यावर दाखवायची सोय बंद ठेवा. अर्धी ओळ दिसली की उरलेली वाचल्याशिवाय राहवत नाही.

आणि ‘कुठे पोचलास?’ हा प्रश्न येऊच नये, अशीही सोय आहे. निघताना व्हॉट्सॲपवर घरच्या एका माणसाला लाइव्ह लोकेशन पाठवा. पंधरा मिनिटं, एक तास आणि आठ तास असे तीन पर्याय येतात. मुंबई-कोल्हापूरला आठ तासांचा घ्या. गुगल मॅप्समध्ये नकाशा सुरू केल्यावर खालची पट्टी वर ओढली की प्रवासाची प्रगती पाठवता येते, आणि पोचलात की ती आपोआप थांबते. घाटात नेटवर्क गेलं की ठिपका थोडा वेळ थबकतो. हे घरी आधीच सांगून ठेवा, नाहीतर काळजीने फोन येतो तो नेमका बोगद्याच्या तोंडाशी.

दुचाकीवाल्यांसाठी थोडकंच. हेल्मेट आणि कान यांच्यात फोन खुपसून बोलणाऱ्याचं हेल्मेट डोक्यावर नीट बसलेलंच नसतं, पट्टा आवळलेला असला तरी.

कायद्याचं सांगायचं तर मोटार वाहन कायद्याच्या १८४ व्या कलमात २०१९ च्या दुरुस्तीने हातातल्या फोनचा वापर स्पष्टपणे धोकादायक चालवण्यात धरला आहे. पहिल्या वेळी एक ते पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. तीन वर्षांत पुन्हा सापडलात तर दहा हजार रुपये दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. रस्ता शोधण्यापुरता फोन चालतो, पण लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. सरकारी आकडेवारीत २०२२ साली देशातल्या रस्ते अपघातांतल्या १ लाख ६८ हजार ४९१ मृत्यूंपैकी ३ हजार ३९५ फोनमुळे झाले असं दिसतं. हा आकडा कमी वाटतो, आणि आमच्या मते तो आहेही कमीच. दारूचा वास पंचनाम्यात येतो, फोनला वास नसतो. ‘ताबा सुटला’ असं लिहिलं जातं आणि तो का सुटला हे खिशातच राहतं.

फोन पायाशी पडला तर काय करायचं, हे आधीच ठरवून ठेवा : काही नाही. तो ब्रेकखाली गेलाय असं वाटलं, तर वाकू नका. ब्रेक हलका दाबून बघा, वेग उतरवा, इंडिकेटर द्या आणि पेट्रोल पंप, टोलनाका किंवा फूड मॉल येईपर्यंत चला. ब्रेक पूर्ण दाबला जात नसेल, तरच धोक्याचे दिवे लावून, खालचे गिअर टाकत कडेला घ्या. एक्सप्रेसवेच्या कडेला मेसेजसाठी थांबणं मात्र नको. तिथे मागून येणाऱ्याच्या हातातही फोन असू शकतो.

नवख्या गल्लीत घर शोधताना लोक आपोआप रेडिओचा आवाज कमी करतात, बघितलंय ना? ऐकण्याचा आणि घराचा नंबर वाचण्याचा तसा काही संबंध नाही, तरी हात जातो. तसं करावंसं वाटलं, तर आमचाही आवाज खुशाल कमी करा. नमस्कार.