दोनवरची गोळी दोनवरच राहू द्या

श्रोतेहो, नमस्कार.

सीओपीडीच्या, म्हणजे फुप्फुसांच्या जुनाट दम्यासारख्या आजाराच्या पेशंटबरोबर हल्ली बऱ्याचदा ऑक्सिजनचं मशीनही घरी जातं. मशीनच्या काचनळीत ऑक्सिजन किती जातोय हे दाखवणारी एक गोळी असते आणि तिच्याजवळ तो कमी-जास्त करायची चावी. डॉक्टरांनी गोळी दोनवर ठेवून दिलेली असते. रात्री बाबांना धाप लागते, घरातलं कुणीतरी उठतं आणि गोळी पाचवर नेतं. मायेपोटीच करतात हो, पण आम्हा नर्सेसना धास्ती असते ती याच मायेची.

सीओपीडीत काही पेशंटची फुप्फुसं कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायला कमी पडतात. त्यांना जादा ऑक्सिजन मिळाला, तर कार्बन डायऑक्साइड रक्तात साठत जातो. म्हणून अशांचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचा टक्का, आम्ही ८८ ते ९२ च्या दरम्यान ठेवतो. कोविडमध्ये घरोघरी ऑक्सिमीटर आले आणि ९५ च्या खाली गेलं की संपलं, हे डोक्यात पक्कं बसलं. ती मोजपट्टी इथे चालत नाही. आपल्या पेशंटचा आकडा किती, हे घरी निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या.

बोटाला ९७ दिसतंय, बाबा शांत झोपलेत, म्हणून घरचे निर्धास्त होतात. जरा हाक मारून बघा. नीट जागे होत नसतील, बरळत असतील, सकाळपासून डोकं धरून बसले असतील, तर ती साधी झोप नसेल, साठलेल्या कार्बन डायऑक्साइडची गुंगी असेल. लगेच १०८ ला फोन करा. घाबरून ऑक्सिजन एकदम काढूनही टाकू नका.

मग धाप लागली की करायचं काय? आधी नळी बघा. गादीखाली दबलेली असते, नाकातून निसटलेली असते, कधी वीजच गेलेली असते. त्यासाठी भरलेला सिलिंडर घरात हवाच. पेशंटला उठवून बसवा, पुढ्यात उशी देऊन तिच्यावर हात टेकू द्या. नाकाने श्वास घ्यायचा, ओठांचा चंबू करून सावकाश सोडायचा. फुंकणीने चूल फुंकतात तसा, पण हळू. हे बायकांना पटकन जमतं. त्यांतल्या कित्येकींना हा आजार चुलीच्या धुरानेच दिलेला असतो, बिडीला कधी हातही न लावता. डॉक्टरांनी अशा वेळेसाठी दिलेला पंप स्पेसर, म्हणजे औषध नीट आत जावं म्हणून पंपाला जोडायची पोकळ नळी, लावून द्या. एवढं करूनही धाप बसत नसेल, किंवा आकडा ठरल्यापेक्षा खाली राहत असेल, तर थांबू नका, १०८ ला बोलवा.

श्वास मोजायची आमची एक युक्ती आहे. ‘श्वास मोजतेय’ म्हटलं की माणसाचा श्वास बदलतो. म्हणून मनगट धरायचं, नाडी बघतोय असं दाखवायचं आणि नजर छातीवर ठेवायची. पूर्ण एक मिनिट. मोठ्या माणसाचे १२ ते २० भरतात. सीओपीडीत थोडे जास्त असू शकतात, म्हणून बरं असतानाचा आकडा वहीत लिहून ठेवा.

आणि देवघरातली समई, उदबत्ती मशीनपासून लांब, शक्यतो दुसऱ्या खोलीत. नाक कोरडं पडलं तर तेल, व्हॅसलीन लावू नका. पाण्यात विरघळणारी जेल मिळते, ती लावा. कानामागे नळी घासून कातडं सोलवटतं, तिथे रोज बघत जा.

नमस्कार.