पिल्लू कासव: नर की मादी?

श्रोतेहो, नमस्कार. कासवाचे पिल्लू पाळणाऱ्या माणसाला पहिल्या काही दिवसांतच एक प्रश्न पडतो, की हा नर आहे की मादी. प्रश्न साधा आहे, परंतु त्याचे प्रामाणिक उत्तर बहुतेक वेळा "अजून सांगता येत नाही" असेच असते. हे उत्तर न पटल्यामुळे लोक अंदाजाने काहीतरी ठरवून मोकळे होतात, आणि त्या अंदाजाची किंमत पुढे त्या मुक्या जिवाला मोजावी लागते. आज मी जमिनीवर राहणाऱ्या कासवांपुरतेच बोलणार आहे, कारण पाण्यातील कासवांची लक्षणे काही बाबतींत वेगळी असतात.

पक्ष्यांच्या बाबतीत पिसाचा किंवा रक्ताचा नमुना प्रयोगशाळेत देऊन नर-मादी ओळखता येते, मग कासवाचे तसे का होत नाही, अशी शंका अनेकांच्या मनात येते. पक्ष्यांमध्ये लिंग गुणसूत्रांनी ठरते. जमिनीवरच्या ज्या कासवांचा आजवर अभ्यास झाला आहे, त्यांच्यात ते अंडे उबत असताना मिळालेल्या तापमानाने ठरते. सरपटणाऱ्या प्राण्यांमधील या प्रकाराचा पहिला पुरावा मादलेन शार्निए या संशोधिकेने १९६६ मध्ये सेनेगलमधील एका सरड्यावर काम करताना मांडला, आणि त्यानंतरच्या दशकात क्लोद पियो यांनी कासवांमध्येही तेच घडत असल्याचे दाखवून दिले. उबवणीच्या साधारण मधल्या एक-तृतीयांश काळात अंडे किती उबदार राहिले, यावर पिल्लाच्या शरीरात वृषण तयार होणार की अंडाशय, हे अवलंबून असते. भूमध्य समुद्राच्या परिसरातील हरमान कासवात हा उंबरठा सुमारे ३१.५ अंश सेल्सिअस आहे; त्याच्या बऱ्याच खाली प्रामुख्याने नर आणि बऱ्याच वर प्रामुख्याने माद्या जन्मतात. म्हणून ज्याच्याकडून पिल्लू घेतले, त्याला उबवणीचे तापमान जरूर विचारावे. मात्र त्यातून मिळतो तो कल. उंबरठ्याजवळच्या तापमानात एकाच घरट्यातून दोन्ही प्रकारची पिल्ले बाहेर येतात, आणि हा उंबरठा प्रत्येक जातीत सारखा नसतो.

आता शरीरावरच्या खुणांकडे येऊ. सर्वांत भरवशाची खूण शेपटीची. नराची शेपटी लांब, बुंध्याशी जाड असते आणि तो ती बहुधा एका बाजूला वळवून ठेवतो. मादीची शेपटी आखूड असते. शेपटीच्या खालच्या बाजूला मलमूत्र आणि जनन यांसाठी एकच द्वार असते. नरात ते कवचाच्या कडेपासून दूर, शेपटीच्या टोकाकडे सरकलेले दिसते, तर मादीत ते कवचाच्या कडेजवळ असते. दुसरी खूण पोटाकडच्या कवचाची. समागमाच्या वेळी मादीच्या पाठीवर तोल राहावा म्हणून अनेक जातींच्या नरांचे पोट खोलगट होते, आणि शेपटीलगतच्या दोन शेवटच्या फलकांमधला (कवचावरच्या खवल्यांसारख्या तुकड्यांमधला) कोनही नरात अधिक रुंद असतो. पण या दुसऱ्या खुणेवर सरसकट विसंबू नये. दक्षिण अमेरिकेच्या लाल पायांच्या कासवात नराच्या पोटाचा खोलगटपणा ठळक असतो आणि वरून पाहिल्यास त्याच्या कवचाला कंबरही दिसते. उलट मध्य आशियातील हॉर्सफिल्ड कासवात नराचे पोटही जवळजवळ सपाट राहते आणि सगळी भिस्त शेपटीवर ठेवावी लागते. आकारावरूनही एकच नियम बांधता येत नाही, कारण हरमान आणि तारांकित कासवांत मादी मोठी होते, तर आफ्रिकेच्या सुलकाटात नर मोठा होतो.

माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा पुढे आहे. या सगळ्या खुणा नराच्या अंगावर वयात येताना हळूहळू उमटतात, आणि तोपर्यंत प्रत्येक पिल्लू मादीसारखेच दिसते: शेपटी आखूड, पोट सपाट. म्हणजे लांब, जाड शेपटी दिसली तर "नर" असे म्हणायला आधार मिळतो, पण ती दिसली नाही म्हणून "मादी" असे म्हणता येत नाही. पिल्लाच्या बाबतीत होणाऱ्या बहुतेक चुका याच दिशेने होतात. मादी म्हणून वाढवलेले कासव काही वर्षांनी नर निघते. पूर्ण वाढलेल्या कासवाच्या बाबतीतही, नीट तपासले नाही तर, गैरसमज दीर्घकाळ टिकू शकतो. क्रिमियन युद्धाच्या काळात ब्रिटिश युद्धनौकेवर राहिलेले आणि पुढे इंग्लंडमधील पॉवडरहॅम किल्ल्यात २००४ पर्यंत जगलेले टिमथी नावाचे कासव मादी असल्याचे १९२६ मध्ये लक्षात आले. तोवर ते नर म्हणूनच ओळखले जात होते.

खुणा कधी उमटतील, हे वर्षांपेक्षा कवचाच्या लांबीवर अधिक ठरते. हरमानसारख्या लहान जातीत सुमारे दहा सेंटिमीटरच्या आसपास शेपटीतला फरक जाणवू लागतो, तर सुलकाटासारख्या मोठ्या जातीत साधारण तीस ते पस्तीस सेंटिमीटरपर्यंत थांबावे लागते. लवकर कळावे म्हणून पिल्लाला भरपूर खाऊ घालून झपाट्याने वाढवणे हा मात्र अन्याय आहे. अशा वाढीने त्याच्या प्रकृतीचे नुकसान होऊ शकते.

पाहणी करताना पिल्लाला पाठीवर उताणे ठेवू नये. त्याची फुप्फुसे पाठीच्या कवचाला लागून असतात, आणि ते उलटे झाले की पोटातील अवयवांचा भार त्यांच्यावर येतो. दोन्ही हातांनी कवच धरून त्याला डोळ्यांच्या उंचीपर्यंत आडवेच उचलावे, खालून क्षणभर पाहावे आणि लगेच खाली ठेवावे. दर काही महिन्यांनी शेपटीचे आणि पोटाचे छायाचित्र शेजारी मोजपट्टी धरून, सारख्याच अंतरावरून घ्यावे. एका पाहणीत जे कळत नाही, ते दोन-तीन वर्षांची छायाचित्रे एकापुढे एक मांडली की बहुधा कळते. कोमट पाण्यात बसवल्यावर काही कोवळे नर कधीकधी आपले जननेंद्रिय बाहेर काढतात. गडद रंगाचा, मांसल असा तो भाग पाहून पालक घाबरतो, पण तो काही वेळात आपोआप आत गेला तर चिंतेचे कारण नाही, आणि नर असल्याचा पुरावाही मिळतो. तो बाहेरच राहिला, तर त्याच दिवशी पशुवैद्यांकडे जावे. एका कासवाने दुसऱ्यावर चढणे हा मात्र पुरावा नव्हे. वर्चस्वासाठी माद्याही तसे करतात.

निश्चित उत्तर लहानपणीच हवे असेल, तर सरपटणाऱ्या प्राण्यांचे जाणकार पशुवैद्य भूल देऊन, मागच्या पायापुढच्या मऊ त्वचेत छोटासा छेद घेऊन बारीक दुर्बिणीने वृषण किंवा अंडाशय पाहू शकतात. संशोधनात आणि संवर्धन प्रकल्पांत ही पद्धत उपयोगी पडते. घरच्या एकट्या, निरोगी पिल्लावर निव्वळ कुतूहलापोटी ती करून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तोपर्यंत काय करावे? एकत्र वाढणारी पिल्ले मोठी होऊ लागली की लक्ष ठेवावे; दोन नर निघाले तर ते एकमेकांना धडका देतात, चावतात, आणि एकच मादी असेल तर नर तिला सतत छळतो. म्हणून वेगळी जागा आधीच योजून ठेवावी. मादी असेल, तर नराचा सहवास कधीही न मिळता ती अंडी धरू शकते, हे फार थोड्या पालकांना माहीत असते. वयात आलेले कासव अस्वस्थपणे फिरू लागले, खाणे कमी करून मागच्या पायांनी माती उकरू लागले, तर त्याला किमान त्याच्या कवचाच्या लांबीइतकी खोल, मऊ, किंचित ओलसर आणि उबदार माती द्यावी. जागा न मिळाल्यास अंडी आत अडकू शकतात आणि ते जिवावर बेतू शकते. असे अस्वस्थ कासव काही दिवसांत अंडी न घालता गळून जाऊ लागले, तर क्ष-किरण तपासणी करून घ्यावी. त्यात अंड्यांची कवचे स्पष्ट दिसतात, आणि उपचार कोणते करायचे हे पशुवैद्यांना त्याच चित्रावरून ठरवता येते.