मातीवरची हॉकी

रविवार, सकाळचे साडेसहा. पंचवटीतल्या या मैदानावर मुली आल्या आल्या वाकून खडे वेचतात. हॉकीचा चेंडू साधारण १६० ग्रॅमचा, दगडासारखा टणक. मातीत एक खडा राहिला तरी सरपटत येणारा चेंडू उसळतो आणि थेट नडगीवर बसतो. खडे वेचून झाले की पाणी मारायचं, फक्कीनं डी, म्हणजे गोलपुढचा अर्धगोल, आखायचा. मग खेळ.

या संघातली एक अंबडच्या कारखान्यात पाळीवर जाते, एक नर्स आहे, दोघी-तिघी कॉलेजात. नाशिक जिल्ह्याला धावणं ठाऊक आहे. सावरपाड्याच्या कविता राऊतनं २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक आणलं. हॉकीत मात्र एकटीच्या जिद्दीनं भागत नाही. अकरा जणींची सुट्टी एकाच दिवशी जुळावी लागते. संघ टिकवण्यातली सगळ्यात मोठी मेहनत हीच.

“हात सैल सोड गं. चेंडूवर धावून जाऊ नकोस, येऊ दे त्याला,” ताई नव्या मुलीला सांगते. स्टिकची मूठ किंचित पुढे, नजर खाली. मातीवर चेंडू कसा वळेल याचा नेम नाही, म्हणून शेवटच्या क्षणापर्यंत थांबायचं. ही सवय अंगात मुरायला वर्षं जातात.

आणि टर्फवर हीच सवय नडते. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकपासून मोठी हॉकी कृत्रिम मैदानावर गेली. या मुलींना तसं मैदान मिळतं ते दोनशे किलोमीटरवर, पिंपरीच्या नेहरूनगरात, मेजर ध्यानचंद स्टेडियमवर. तिथे चेंडू उसळत नाही, पण सणसणत येतो. पहिली काही मिनिटं तो स्टिकखालून निसटतच राहतो.

पेनल्टी कॉर्नरला तर फारच फरक पडतो. गोलच्या बाजूला, मैदानाच्या मागच्या रेषेवरून चेंडू ढकलायचा, डीच्या बाहेर थांबवायचा, मग फटका. बचावाला गोलकीपर आणि चौघी. मातीवर चेंडू थांबेपर्यंत त्या धावत पुढे पोचतात. टर्फवर तेवढ्यात फटका बसलेला असतो. टोकियोत २०२१ साली गुरजित कौरनं ऑस्ट्रेलियाविरुद्ध कॉर्नरवरच गोल केला आणि भारताच्या मुली पहिल्यांदा ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत गेल्या. तो गोल इथल्या धाकट्या मुलींना पाठ आहे.

म्हणून प्रशिक्षकांनी आता सरावाचा शेवटचा अर्धा तास बास्केटबॉलच्या सिमेंट कोर्टवर ठेवलाय. चेंडू तिथे टर्फसारखाच वेगात येतो. स्टिका झिजतात, पण चेंडू आता थांबायला लागलाय.