झोन औद्योगिक, जमीन पाणथळ: मग चालतं कुणाचं?

नमस्कार मंडळी. उरणच्या पाणजे पाणथळीबद्दल बोललो तेव्हापासून एकच प्रश्न येतोय: "दादा, आराखड्यात औद्योगिक झोन आहे, मग पाणथळ कशी?"

विकास आराखडा म्हणजे कुठली जमीन कशासाठी वापरायची ते ठरवणारा सरकारी नकाशा, झोन म्हणजे त्यात ठरवलेला वापर, आणि झोन दाखला म्हणजे आपल्या जमिनीचा झोन सांगणारा सरकारी कागद. पुढे जाऊ.

2017 च्या केंद्रीय पाणथळ नियमांनुसार अधिसूचित, म्हणजे सरकारने रीतसर जाहीर केलेल्या, पाणथळीचा वापर बदलायला आणि तिथे उद्योग उभारायला मनाई आहे. अधिसूचना निघालेली नसली तरी सुटका नाही. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने इस्रोच्या नकाशांतल्या, सव्वादोन हेक्टरपेक्षा मोठ्या 2,01,503 पाणथळींना 2010 च्या जुन्या पाणथळ नियमांतल्या नियम 4 च्या (पाणथळीत कुठल्या कामांना मनाई, ते सांगणाऱ्या) तत्त्वांनुसार संरक्षण दिलं. "उरणला सीआरझेड (किनाऱ्यावरचा बंधनं असलेला पट्टा) आहे, तिथे 2017 चे नियम लागत नाहीत," असं एका भावाने लिहिलंय. बरोबर आहे. पण तिथे सीआरझेडची अधिसूचना लागते, आणि भरती-ओहोटीच्या पट्ट्यात तिची बंधनं कडक आहेत.

आता खरी अडचण. नियम लागू झाला म्हणून आराखड्यातला झोन आपोआप बदलत नाही. त्यासाठी एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा 1966 च्या कलम 37 खाली फेरबदल करावा लागतो: राजपत्रात सूचना, महिनाभर हरकती, सुनावणी, मग शासनाची मंजुरी. तोवर दाखल्यावर "औद्योगिक" असंच येत राहतं. मला सर्वात जास्त राग याचाच येतो, कारण तोच दाखला दाखवून प्लॉट विकला जातो. घेणारा कर्ज काढतो, भरावाच्या गाड्या येतात आणि मग परवानगी अडते. माझ्या ओळखीचा एक लघुउद्योजक असाच अडकलाय, आणि त्याची चूक नाही. त्याने सरकारी कागदावर विश्वास ठेवला. झोन बदलणं पक्ष्यांसाठी जितकं गरजेचं आहे, तितकंच त्याच्यासाठीही होतं. जमीन सिडकोसारख्या प्राधिकरणाची असेल तर पर्यायी भूखंड देता येतो. खासगी सातबारा असेल तर भरपाईचा प्रश्न खरोखर अवघड आहे, तो टाळून चालणार नाही.

झोन बदलायला उशीर झाला की आणखी एक गोष्ट होते. भरतीच्या पाण्याच्या वाटा बुजतात. पाणजेबद्दल पर्यावरण कार्यकर्त्यांनी हीच तक्रार पुन्हा पुन्हा केली आहे. पाणी अडलं की चिखल सुकतो, हिवाळ्यात येणारे पक्षी उतरत नाहीत, आणि मग कुणीतरी म्हणतं, "इथे पाणथळ आहेच कुठे?" उधाणाचं पाणी मात्र थांबत नाही, ते शेजारच्या गावात शिरतं. उरणच्या कोळी-आगरी मंडळींनी कॉमेंटमध्ये हेच लिहिलंय, आणि त्यांचा अनुभव कुठल्याही नकाशाइतकाच महत्त्वाचा आहे.

म्हणून फेरबदलाची सूचना निघाली की महिना वाया घालवू नका. हरकत लेखी द्या, त्यात सर्व्हे नंबर लिहा, भरतीच्या वेळचे तारखेसह फोटो जोडा, पोच घ्या. आणि झोन बदलण्याबरोबर बुजवलेल्या वाटा मोकळ्या करण्याची मागणीही त्याच अर्जात करा.