नकाशा धावतो, अ‍ॅडमिन पान रखडतं: जिओसर्व्हरच्या आतली रांग

(दृश्य: सकाळचं कार्यालय. टेबलावर दोन मॉनिटर शेजारी शेजारी.)

डाव्या पडद्यावर तालुक्याचा नकाशा आहे. माउसचं चाक फिरवलं की गाव जवळ येतं, ओढा दिसतो, विहिरींचे ठिपके उमटतात. कुठेही अडखळत नाही.

उजव्या पडद्यावर त्याच सर्व्हरचं अ‍ॅडमिन पान आहे. ऑपरेटरने नव्या लेयरचं, म्हणजे नकाशावरच्या एका थराचं, ‘सेव्ह’ बटण दाबलं त्याला आता चाळीस सेकंद झाले. ब्राउझरच्या टॅबवर गोल फिरतंय. त्याने चहाचा घोट घेतला, कप खाली ठेवला, गोल अजून फिरतंच आहे. नवा लेयर चढवायचा, स्टाइल जोडायची, सेव्ह करायचं, एवढं पाच मिनिटांचं काम. असे वीस लेयर आज संध्याकाळपर्यंत द्यायचे आहेत.

नकाशा पाहणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही. त्याच्यासाठी सगळं सुरळीत चाललेलं असतं. म्हणूनच ही तक्रार वर्षानुवर्षं कुणी मनावर घेत नाही. नकाशा ज्याच्या हातून घडतो त्याचा वेळ मात्र रोज असाच जातो.

(दृश्य: जिओसर्व्हरचं पहिलं पान.)

हा सर्व्हर म्हणजे जिओसर्व्हर, साठवलेल्या डेटावरून नकाशे काढून ब्राउझरला पुरवणारं सॉफ्टवेअर. २००१ साली न्यूयॉर्कमधल्या ‘द ओपन प्लॅनिंग प्रोजेक्ट’ या ना-नफा संस्थेत त्याची सुरुवात झाली. शहराच्या नियोजनात सामान्य नागरिकालाही बोलता यावं, आणि त्यासाठी नकाशे सगळ्यांना खुले असावेत, हा त्यामागचा विचार. जावा भाषेत लिहिलेलं हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्याच काळात नावारूपाला आलेल्या, मिनेसोटा विद्यापीठातल्या मॅपसर्व्हर या तशाच सॉफ्टवेअरमध्ये सगळी मांडणी मजकुराच्या फाइलमध्ये हाताने लिहावी लागते. जिओसर्व्हरने ब्राउझरमधून चालणारं अ‍ॅडमिन पान दिलं. प्रोग्रॅमिंग न येणारा माणूसही नकाशा प्रसिद्ध करू शकला, तो या पानामुळे. तेच पान रखडलं, तर जिओसर्व्हर वापरण्याचं अर्धं कारणच उरत नाही.

आता, नकाशा वेगात आणि अ‍ॅडमिन पान मंद, असं एकाच सर्व्हरवर होतं कसं?

नकाशाची विनंती येते ती एका लेयरसाठी. सर्व्हर तो लेयर शोधतो, डेटाबेसमधून आकृत्या आणतो, चित्र काढून पाठवतो. बाकीच्या हजार लेयरशी त्याला देणंघेणं नसतं. अ‍ॅडमिन पानाचा संबंध मात्र सगळ्या पसाऱ्याशी येतो. कोणती वर्कस्पेस (लेयरचा गट), किती स्टोअर (डेटा जिथून येतो ती जोडणी), किती लेयर, कुणाला काय पाहायची परवानगी, ही सगळी नोंदवही तिथे उघडावी लागते. आणि या नोंदवहीत दोघांनी एकाच वेळी लिहून गोंधळ होऊ नये म्हणून तिला कुलूप असतं. एक बदल पूर्ण झाल्याशिवाय दुसरा सुरू होत नाही. नकाशाच्या विनंत्या या कुलपाच्या वाटेला जात नाहीत. ही एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तीच कामाला येणार आहे.

सर्व्हर मंद झाला की कार्यालयात दोन उपाय ठरलेले असतात. रीस्टार्ट करा, आणि मेमरी वाढवा. रीस्टार्टने तासभर बरं वाटतं, कारण अडकलेल्या विनंत्या फेकल्या जातात. मेमरीचं म्हणाल, तर जावाची मेमरी खरोखर संपत आली की ती साफ करण्यासाठी सगळंच काम पुन्हापुन्हा थांबतं. मग नकाशेही रखडायला हवेत. इथे ते रखडत नाहीयेत. फक्त एक खात्री करून घ्या: दिसणारा नकाशा आधीच साठवलेल्या टाइल्समधून, म्हणजे तयार चौकोनी चित्रांमधून, तर येत नाही ना? कधी न पाहिलेल्या जागी जा, टाइल्सचा साठा वगळून नकाशा मागवा. तोही झटकन आला, तर मेमरीचा विचार तूर्तास बाजूला ठेवा. सर्व्हर दमलेला नाही. तो कुणाची तरी वाट पाहतोय. कुणाची, एवढंच शोधायचं आहे.

(दृश्य: काळा टर्मिनल. अक्षरांच्या ओळी वर सरकतात.)

त्यासाठी जावासोबतच एक साधन येतं, जेस्टॅक. या क्षणी सर्व्हरमधला प्रत्येक थ्रेड, म्हणजे प्रत्येक कामगार, नेमक्या कोणत्या ओळीवर उभा आहे, हे ते लिहून देतं. याला थ्रेड डंप म्हणतात. पान अडकलेलं असतानाच दहा-दहा सेकंदांनी तीन डंप घ्या. एकाच डंपवर विसंबू नका. रस्त्यावरच्या एका फोटोत चालणारा आणि थांबलेला माणूस सारखाच दिसतो.

तीन डंप शेजारी ठेवले की चित्र उघडं होतं. सात-आठ थ्रेड कुलपापाशी रांगेत थांबलेत. त्यातलाच एक आपल्या ऑपरेटरचा. आणि एक थ्रेड तिन्ही डंपमध्ये त्याच ओळीवर आहे: नेटवर्कवरून उत्तर येण्याची वाट पाहत. इथे नवखा माणूस चकतो, कारण जावा या थ्रेडची अवस्था ‘रनेबल’, म्हणजे चालू, अशी दाखवते. नेटवर्कची वाट पाहणं तिला काम वाटतं. अवस्थेचा शब्द वाचून पुढे जाऊ नका, खालची ओळ वाचा. कुलूप याच थ्रेडच्या हातात आहे.

तो कुठे जातोय, हे त्याच ओळींच्या खाली सापडतं. कधीकाळी कुणीतरी दुसऱ्या एका सर्व्हरचे नकाशे आपल्या इथून दाखवण्यासाठी डब्ल्यूएमएस (नकाशाचं चित्र मागवण्याची ठरलेली पद्धत) स्टोअर जोडलं होतं. त्या सर्व्हरचा पत्ता नंतर बदलला. नकाशे कुणी पाहत नव्हतं, म्हणून कुणाच्या लक्षातही आलं नाही. पण त्या स्टोअरमधले लेयर ताजे करणारी एक स्क्रिप्ट जिओसर्व्हरच्या रेस्ट मार्गाने, म्हणजे प्रोग्रॅमसाठी ठेवलेल्या दाराने, अजून नेमाने येते, बदल करण्यासाठी कुलूप घेते, आणि मेलेल्या पत्त्यावर दार ठोठावत बसते.

अशा स्टोअरला जोडणीसाठी मूळ मुदत असते ३० सेकंदांची, आणि उत्तर वाचण्यासाठी ६० सेकंदांची. स्क्रिप्टमध्ये दहा लेयर असतील तर हिशेब तुम्हीच करा.

पलीकडचं यंत्र चालू असून त्यावरची सेवा बंद असेल, तर नकार लगेच येतो आणि काम पुढे सरकतं. वेळ खातो तो गप्प बसणारा पत्ता. मधल्या फायरवॉलने विनंती गिळली की ना होकार येतो, ना नकार. म्हणून स्टोअर तपासताना ‘चालू की बंद’ एवढंच विचारून भागत नाही, उत्तर यायला किती वेळ लागला तेही पाहावं लागतं.

(दृश्य: पुन्हा ऑपरेटरचा पडदा. ‘५०४ गेटवे टाइमआउट’.)

दरम्यान ऑपरेटरला ही पाटी दिसते. जिओसर्व्हरच्या समोर एनजिनएक्स, म्हणजे विनंत्या घेऊन मागे पोचवणारा मधला वेब सर्व्हर, असेल तर तो मूळ मांडणीत ६० सेकंद थांबतो आणि हात वर करतो. मागचा जिओसर्व्हर मात्र ते काम करतोच आहे. ऑपरेटरला वाटतं, सेव्ह झालं नाही. तो पुन्हा बटण दाबतो. ती विनंती पहिलीच्या मागे जाऊन उभी राहते. रांग लांबते, आणि ती लांबवणारा माणूस बिचारा फक्त आपलं काम उरकू पाहत असतो. अशा वेळी थांबावं, लॉग (सर्व्हर स्वतः लिहीत जातो ती नोंद) पाहावा, लेयर खरंच सेव्ह झाला का ते तपासावं. पण हे त्याला कुणीतरी आधी सांगितलेलं असलं पाहिजे.

सगळ्याच रखडण्याचं मूळ कुलपात नसतं. नवा लेयर बनवताना ‘डेटावरून काढा’ हे बटण येतं. लेयर पृथ्वीच्या कोणत्या चौकटीत बसतो, ते त्यातून ठरतं. टेबलात लाखो सर्व्हे नंबरचे तुकडे असतील, तर ही चौकट काढायला सगळं टेबल चाळावं लागतं. पोस्टजीआयएस या नकाशांच्या डेटाबेसच्या स्टोअरमध्ये अंदाजे चौकट घेण्याचा पर्याय आहे. तो निवडला की जिओसर्व्हर डेटाबेसने जमवलेल्या सांख्यिकीवरून चौकट घेतो. त्याआधी डेटाबेसवर अ‍ॅनालाइझ (ही सांख्यिकी जमवणारी आज्ञा) चालवलेलं हवं, नाहीतर अंदाज चुकेल. चौकट आधीच माहीत असेल तर सरळ आकडे टाका, बटणाला हातही लावू नका.

ओरॅकल डेटाबेसचं स्टोअर असेल आणि टेबलांची यादीच उघडत नसेल, तर स्कीमाचं (टेबलांच्या गटाचं) नाव लिहायचं राहिलंय का ते पाहा. ते रिकामं असलं की सर्व्हर स्वतःच्या कामाबाहेरच्या टेबलांतही डोकावत बसतो. लॉगची पातळी कुणी तपासणीसाठी वाढवून तशीच ठेवली असेल, तर ती खाली आणा. डेटाबेसच्या जोडण्यांचा ठरलेला साठा, म्हणजे पूल, भरला असेल, म्हणजे मूळच्या दहाही जोडण्या नकाशांनी घेतल्या असतील, तर लेयर उघडणारं पान जोडणी मोकळी होईपर्यंत थांबून राहतं.

(दृश्य: महाराष्ट्राचा नकाशा, तालुक्यांच्या सीमा एकेक करून उमटतात.)

आता पसाऱ्याकडे येऊ, कारण मला वाटतं खरं दुखणं बहुतेक वेळा इथे असतं.

महाराष्ट्रात ३५८ तालुके आहेत. समजा कुणी ठरवलं, प्रत्येक तालुक्याचे पाच लेयर: गावांच्या सीमा, रस्ते, ओढे, विहिरी, पाझर तलाव. झाले १,७९० लेयर. प्रत्येक लेयरसाठी जिओसर्व्हर आपल्या डेटा डिरेक्टरीत एक्सएमएलच्या किमान दोन फाइल ठेवतो, टाइल्स साठवायच्या असतील तर तिसरी. म्हणजे ५,३७० फाइल. ही डिरेक्टरी नेटवर्कवरच्या डिस्कवर असेल आणि एकेक फाइल उघडायला शंभरावा भाग सेकंद लागला, तरी एकामागून एक वाचताना चोपन्न सेकंद नुसत्या वाचण्यात जातात. तेही फक्त सुरू होताना. पुढे प्रत्येक सेव्हला लिहिणंही त्याच डिस्कवर.

आणि हे १,७९० लेयर मुळात पाचच आहेत. विहीर जुन्नरची असो की सिरोंच्याची, रकाने तेच, स्टाइल तीच. सगळ्या विहिरी एका टेबलात, एका रकान्यात तालुक्याचा कोड, त्यावर इंडेक्स. नकाशा मागताना सीक्यूएल फिल्टरमध्ये (कोणत्या ओळी हव्यात ते सांगणाऱ्या अटीत) तो कोड द्यायचा, त्याच तालुक्याच्या विहिरी येतात. एक अडचण खरी आहे: प्रत्येक तालुक्याला फक्त स्वतःचाच डेटा दिसायला हवा असेल, तर जिओसर्व्हरची साधी परवानगी लेयरपाशीच थांबते. ओळींच्या पातळीवर अडवायचं तर जिओफेन्ससारखं साधन बसवावं लागतं. दुसरी अडचण प्रक्षेपणाची, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याच्या पद्धतीची. पश्चिम महाराष्ट्राचा डेटा यूटीएम या पृथ्वीचे उभे पट्टे पाडणाऱ्या पद्धतीच्या ४३व्या पट्ट्यात आणि नागपूर, गडचिरोलीचा ४४व्या पट्ट्यात ठेवलेला असतो. एका टेबलात आणण्याआधी तो अक्षांश-रेखांशांवर आणावा लागेल. हे दोन दिवसांत होणारं काम नाही, पण ते एकदाच करायचं आहे.

(दृश्य: ऑपरेटर आणि त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसलेली सहकारी.)

आज त्यांनी जुन्या डब्ल्यूएमएस स्टोअरवरची ‘चालू’ची खूण काढली आणि ती स्क्रिप्ट थांबवली. मग नव्या लेयरचं ‘सेव्ह’ दाबलं. पान लगेच परत आलं. त्याने आणखी एक लेयर भरून पाहिला. तोही लगेच गेला.

सहकारीने वहीत तारीख लिहिली, स्टोअरचं नाव लिहिलं, आणि ते का बंद केलं तेही लिहिलं. मग तिने विहिरींच्या टेबलांची यादी काढली. पहिलं नाव आहे अकोले.