मुक्काम नेपल्स, खर्च बेताचा

श्रोतेहो, नमस्कार. दक्षिण इटलीत बेताच्या पैशात हिंडायचं असेल, तर खोली किनाऱ्यावरच्या महागड्या सोरेंतो-अमाल्फीला घेऊ नका. नेपल्सच्या मुख्य स्थानकाजवळ घ्या आणि रोज लोकलनं बाहेर पडा.

स्थानकाच्या खालच्या पातळीवरून चिर्कुमवेसुवियाना ही लोकल धावते. ज्वालामुखीनं गाडलेलं प्राचीन रोमन शहर म्हणजे पाँपेई; तिथं जायला ‘सोरेंतो’ अशी पाटी असलेलीच गाडी धरा आणि ‘पाँपेई स्कावी – विला देई मिस्तेरी’ला उतरा. तासाच्या आतला प्रवास. पोज्जोमारिनोच्या मार्गावरही एक पाँपेई लागतं, ते आजच्या गावातलं. तिथंच पुष्कळांची फसगत होते. गर्दी आपल्या लोकलसारखीच, तेव्हा पाठपिशवी पोटावर घ्या.

पाँपेईचं तिकीट नावाचं असतं, म्हणून पासपोर्ट सोबत हवा. 30 बाय 30 बाय 15 सेंटिमीटरहून मोठी पिशवी आत नेता येत नाही. पाण्याचे नळ आत आहेत, रिकामी बाटली पुरे. सावली मात्र फार कमी, आणि फरसबंदी ज्वालामुखीच्या दगडांची, ओबडधोबड. चपला घालून गेलात तर दुपारपर्यंत पाय बोलू लागतात. तिथल्या ‘फॉनचं घर’ या वाड्यातलं अलेक्झांडरचं मोझेक, म्हणजे दगडी तुकड्यांचं चित्र, ही प्रतिकृती आहे बरं का. अस्सल मोझेक नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयाचं, आणि ते मंगळवारी बंद.

वेळ थोडा असेल, सोबत वयस्कर असतील, तर पाँपेई सोडा आणि त्याच लोकलनं ‘एर्कोलानो स्कावी’ला उतरा. उतारानं दहाएक मिनिटं चाललं की हर्क्युलेनियम, त्याच ज्वालामुखीनं गाडलेलं दुसरं, लहान गाव. इसवी सन 79च्या व्हेसुव्हियसच्या उद्रेकात पाँपेईवर आधी हलक्या दगडांचा पाऊस पडला, छपरं कोसळली. इथं मात्र तप्त राखेचे लोट आले नि गाव सुमारे 20 मीटर खाली गाडलं गेलं. हवा पोचलीच नाही, म्हणून कोळसा झालेल्या तुळया, दारं, पलंगसुद्धा टिकले.

आता पोटाचं. उभ्यानं कॉफी घ्या; टेबलावर बसलात की बऱ्याच ठिकाणी दर वाढतो. जेवणाच्या बिलात ‘कोपेर्तो’ म्हणजे माणशी बैठक-आकार येतो, तो मेनूवर छापलेला असतो. शाकाहारी मंडळींनी मारिनारा पिझ्झा मागवावा. नाव समुद्राचं, पण मासा नाही: टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल, चीजही नाही. खरा धोका गोड आणि तळलेल्या पदार्थांत. स्फोल्यातेल्ला या खुसखुशीत गोड पेस्ट्रीत बहुधा डुकराची चरबी असते, तळलेल्या पिझ्झात ‘चिकोली’ म्हणजे डुकराचेच तुकडे, आणि बटाट्याच्या लांबट क्रोक्केत कधी सलामी. ‘स्त्रुत्तो’ म्हणजे चरबी, एवढा एक शब्द पाठ ठेवा.

एक दिवस पेस्तुमला द्या. सालेर्नोवरून पुढे जाणारी प्रादेशिक गाडी घ्या. कागदी तिकिटावर फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारा, नाहीतर तिकीट असूनही दंड बसतो. परतीच्या गाड्या मोजक्याच, वेळ आधी टिपून घ्या. तिथली तीन ग्रीक देवळं उभीच आहेत. सर्वांत जुनं इसवी सनपूर्व 550च्या सुमाराचं, अथेन्सच्या पार्थेनॉन देवळाच्याही शंभर वर्षं आधीचं. भोवती म्हशींचे गोठे आहेत. ताजं मोझरेला चीज तिथंच घ्या, पण त्याला वासराच्या जठरातलं विरजण लागतं, तेव्हा कडक शाकाहारींनी नुसती देवळं पाहावीत. बाकीच्यांनी ते फ्रिजमध्ये न ठेवता, त्याच्याच पाण्यात ठेवून, त्याच दिवशी संपवावं.