नारू: ना लस, ना गोळी, तरी गेला

ही बारव बघा. पायऱ्या उतरत जायचं, शेवटच्या पायरीवर घोटाभर पाण्यात उभं राहायचं आणि घागर बुडवायची. आता इथं लोक रील काढायला येतात, पण एकेकाळी अशाच पाण्यातून नारू लागायचा.

नारू म्हणजे जंतच, पण पोटातून नाही, कातडी फोडून बाहेर येणारा. मादी मीटरभर लांब, जाडीला शेवईएवढी. तोंड बाहेर आलं की लोक ती काडीला गुंडाळायचे आणि रोज थोडी थोडी ओढायचे, घाई केली आणि तुटली की पाय सुजून असा पिकायचा की ऐन पेरणीत माणूस खाटेवर.

खरी गंमत, म्हणजे गंमत कसली, या किड्याचा चालूपणा पुढेच आहे. पाण्यात सायक्लॉप्स नावाचा ठिपक्याएवढा जीव असतो, त्याच्या अंगात नारूच्या अळ्या. तो पाण्याबरोबर पोटात गेला की मरतो, अळ्या मोकळ्या होतात, आणि पुढे वर्षभर माणसाला पत्ताच नाही. मग एक दिवस पायावर फोड येतो, आग आग होते, माणूस पाय गार पाण्यात घालतो आणि मादीला तेच हवं असतं, ती तिथंच हजारो अळ्या सोडते. म्हणजे पिणारा आणि पाणी नासवणारा एकच, आणि दोघांचं ठिकाण हीच पायरी.

म्हणून भारतात १९८० च्या दशकात मोहीम निघाली तेव्हा भर औषधावर नव्हताच, कारण नारूवर औषध नव्हतं, आजही नाही. पाणी बारीक फडक्यातून गाळा, फोड असेल तर पाण्यात उतरू नका, पायऱ्यांच्या विहिरींना कठडा बांधून रहाट बसवा, हातपंप द्या, सायक्लॉप्स मारायला टेमेफॉस टाका. इतकं साधं काम, पण गावोगाव, घरोघरी फिरून वर्षानुवर्षं करायचं म्हणजे सोपं नव्हे बरं का.

देशातला शेवटचा पेशंट जुलै १९९६ मध्ये राजस्थानातल्या जोधपूर जिल्ह्यात सापडला, आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त म्हणून जाहीर केला.

जगात १९८६ साली अंदाजे ३५ लाख लोकांना नारू होता, २०२३ मध्ये फक्त १४ जणांना. पण आफ्रिकेतल्या चाडमध्ये आता तो कुत्र्यांत सापडतोय, कच्च्या माशांची आतडी खाऊन त्यांना लागत असावा असा संशय आहे. त्यामुळे तिथं गावकऱ्यांना सांगतात, माशांची घाण पुरून टाका आणि कुत्री बांधून ठेवा.